पहिल्या हिमाचा भरवसा



नाताळच्या सुटीला अजून दोन महिने असतात, तोंच आपल्याकडील कित्येक घरांतून काश्मीरच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. तिकिटें काढलीं जातात, लोकरीचे कपडे पेटींतून काढून उन्हांत घातले जातात, आणि घरांतील मुलें गुलमर्गच्या शुभ्र उतारांवरून स्की पायांना बांधून घसरत जाण्याचीं स्वप्नें पाहूं लागतात. मग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत असें एखादें कुटुंब गुलमर्गला जाऊन पोंचतें. थंडी अशी कीं हाताचीं बोटें आखडावीं. सकाळीं नळांतलें पाणी गोठलेलें. परंतु डोळ्यांपुढें पसरलेलें असतें तें वाळलेल्या गवताचें तपकिरी कुरण! धाकटा मुलगा विचारतो, "बाबा, एवढी थंडी आहे, मग बर्फ कां नाहीं?" वडिलांना उत्तर सुचत नाहीं. ते वाटाड्याकडे पाहतात, आणि वाटाड्या आकाशाकडे पाहतो.

त्या मुलाचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. पर्वतावरील हवामानाचें बरेचसें रहस्य त्यांत सांठलेलें आहे, आणि हंगामाच्या आरंभीं हा खेळ खेळावयास मिळेल कीं नाहीं, या व्यवहारी प्रश्नाचें उत्तरही त्यांतूनच निघतें. तेव्हां आज आपण त्या मुलाला उत्तर देण्याचा प्रयत्न करूं.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतों. शीतपेटींतून निघणारा घट्ट खडा आणि आकाशांतून भुरभुर पडणारा पांढरा चुरा या दोहोंना आपण सरसकट बर्फच म्हणतों. पण खेळाच्या दृष्टीनें या दोहोंत दगड आणि पीठ यांच्याइतकें अंतर आहे. म्हणून आकाशांतून पडणाऱ्या पदार्थाला मी हिम म्हणेन, आणि बर्फ हा शब्द गोठलेल्या घट्ट पाण्यासाठीं राखून ठेवीन. स्कीचा खेळ हा हिमावरचा खेळ आहे. पुढच्या टोकाशीं वर वळलेली एक लांब, अरुंद पट्टी प्रत्येक बुटाला जोडावयाची, तोल सांभाळण्यासाठीं हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या, आणि उतारावरून वळणें घेत खालीं यावयाचें, असें त्याचें स्वरूप. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत स्की हें हिंवाळ्यांतील प्रवासाचें जुनें साधन होतें. त्याचा पुढें खेळ बनला, आणि ब्रिटिश अमदानींत तो काश्मीरांत आला. गुलमर्ग येथें १९२७ सालीं स्की क्लब ऑफ इंडिया ही संस्था निघाली. गुलमर्ग आणि स्की यांचें नातें इतकें जुनें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. थंडी आहे, तरी हिम कां नाहीं? थंडी ही पंचांगाप्रमाणें चालते. दिवस लहान होतात, सूर्याचे किरण तिरपे पडतात, आणि जमिनीला दिवसा मिळणाऱ्या उष्णतेपेक्षां रात्रीं गमवावी लागणारी उष्णता अधिक होऊं लागते. काश्मिरी लोकांनीं या थंडीचा हिशेब फार पूर्वींच बांधून ठेविला आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, म्हणजे मोठा चिल्ला. त्यापुढें वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, म्हणजे धाकटा. आणि शेवटीं दहा दिवसांचा चिल्लई बच्चा, म्हणजे अगदीं तान्हा. ही थंडी येणार हें ठरलेलें असतें. पण हिम पडावयास नुसती थंडी पुरत नाहीं. हवेंत बाष्प पाहिजे, आणि तें वर उचललें जाऊन त्याचे ढग बनले पाहिजेत. रिकामें पातेलें चुलीवर कितीही तापविलें तरी त्यांतून वाफ निघत नाहीं. तसेंच कोरडी हवा कितीही गारठली तरी तींतून हिम निघत नाहीं.

याहूनही एक चमत्कारिक गोष्ट आहे. ढग हे पृथ्वीच्या अंगावरील गोधडीसारखे असतात. ते असले म्हणजे जमिनीची ऊब आकाशांत सहज निघून जात नाहीं. म्हणून रात्रींचा सर्वांत कडक गारठा पडतो तो निरभ्र आकाशाखालीं, आणि निरभ्र आकाशांतून हिम पडणें शक्य नाहीं. नळ गोठविणारी ती थंडी हीच बहुधा हिम दूर असल्याची खूण असते! उलट हिम जवळ आलें म्हणजे रात्र किंचित् उबदार वाटूं लागते, तारे दिसेनासे होतात आणि शिखरांवर पांढुरकें झांकण पडतें. वाटाड्या आकाशाकडे कां पाहतो, हें आतां आपल्या ध्यानांत येईल.

मग हें बाष्प येतें कोठून? आपल्याकडे पावसाळ्यांत येणारे मोसमी वारे काश्मीरच्या खोऱ्यांत पोंचेपर्यंत थकलेले असतात. शिवाय त्यांच्या वाटेंत पीर पंजालची भिंत आडवी येते. काश्मीरचें हिम येतें तें पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या परिसरांत हिंवाळ्यांत हवेच्या कमी दाबाचे भोंवरे निर्माण होतात. जमिनीपासून सुमारें दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा झोत त्यांना इराण व अफगाणिस्तान यांच्यावरून आपल्याकडे ढकलीत आणतो. भूमध्य समुद्राचें बाष्प बरोबर असतें. वाटेंत कास्पियन समुद्राचें, आणि कधीं अरबी समुद्राचेंही त्यांत मिसळतें. ही ओलसर हवा पर्वताच्या भिंतीवर आपटून वर चढते, चढतांना निवते, आणि आपलें ओझें तेथें टाकून पुढें जाते. हवामानखातें यांस पश्चिमी झंझावात म्हणतें. पंजाबांतील गव्हाला हिंवाळ्यांत पाऊस मिळतो तो याच झंझावातांकडून. त्यांचा प्रभाव कधीं कधीं इतका दक्षिणेस पोंचतो कीं आपल्याकडेही ढग जमून मावठा पडतो आणि द्राक्षबागाईतदारांची झोंप उडते.

हिंवाळ्याच्या मुख्य महिन्यांत असे चार ते सहा झंझावात दरमहा उत्तर हिंदुस्थानावरून जातात. परंतु येणारा प्रत्येक झंझावात हिम घेऊन येतोच असें नाहीं. एखादा फार उत्तरेकडून निसटून जातो. एखादा जवळून जातो, पण त्याची झोळी रिकामी असते. एखादा दोन दिवस ठाण मांडून बसतो आणि सारें खोरें पांढरें करून टाकतो. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे तर काश्मीरांतील कोरडे महिने होत. बलवान् झंझावातांची वर्दळ खरी वाढते ती जानेवारी-फेब्रुवारींत. म्हणजे हंगामाच्या आरंभीं जाणारा प्रवासी थंडी पुरेशी, पण हिमाची आवक मात्र नुकतीच सुरू झालेली, अशा वेळीं जात असतो.

येथें थोडासा हिशेब करूं. समजा, डिसेंबरांत कुरण झांकून टाकील असा झंझावात सरासरीनें दहा दिवसांत एकदां येतो. ही संख्या मी केवळ उदाहरणादाखल घेतों आहें. दहा दिवसांत एक, याचा अर्थ तो दर दहाव्या दिवशीं दारांत हजर होतो असा नव्हे. कधीं चार दिवसांत दोन येतील, कधीं तीन आठवडे एकही येणार नाहीं. असे प्रसंग यदृच्छेनें येत असले, तर पांच दिवसांच्या मुक्कामांत असा एक तरी झंझावात भेटण्याचा संभव, आपण समजतों तसा निम्मा नसतो. तो दहांत सुमारें चार इतका भरतो. मुक्काम दुप्पट केला तरी तो दहांत सहाच्या थोडा वर जातो. म्हणजे दहांपैकीं जवळजवळ चार प्रवासी दहा दिवस राहूनही कोरडेच परततील. यांत त्यांचें नशीब फुटकें असें कांहीं नाहीं. गणिताचाच तो न्याय आहे.

फेब्रुवारींत जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला आपल्या मुक्कामांतच हिम पडावें अशी आशा करीत बसावें लागत नाहीं, कारण मागील दोन महिन्यांची शिल्लक उतारांवर असते. डिसेंबरांत तें खातें नुकतेंच उघडलेलें असतें. एक जमा झाली आणि लगेच चार उन्हाचे दिवस आले, कीं शिल्लक पुन्हां शून्यावर येते. हंगामाच्या आरंभाची अनिश्चितता मुख्यतः या शिल्लक नसण्यामुळें आहे.

आतां उंचीचा विचार करूं, कारण गुलमर्ग म्हणजे एक ठिकाण नसून एकावर एक अशीं तीन ठिकाणें आहेत. खालचें कुरण सुमारें २६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यांत तेथें गॉल्फ खेळतात, यावरून तें किती सपाट आणि गुळगुळीत आहे याची कल्पना येईल. तेथून तारेवरचा पाळणा, ज्याला गोंडोला म्हणतात, सुमारें ३१०० मीटर उंचीवरील कोंगडूरीपर्यंत जातो. हा पहिला टप्पा १९९८ सालीं सुरू झाला. २००५ सालीं सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यावर, सुमारें ३९५० मीटरांपर्यंत नेऊन सोडतो. वर चढावें तसें हवेचें उष्णतामान दर हजार मीटरांस सरासरीनें साडेसहा अंशांनीं उतरतें. त्या हिशेबानें कुरणांत शून्याच्या वर दोन अंश असतील, तर अफरवतावर शून्याच्या खालीं सहा-साडेसहा अंश असावयाचे. म्हणून एकाच ढगांतून, एकाच क्षणीं, वरती कोरडें पिठासारखें हिम पडत असतें, मध्यें ओलें जड हिम पडतें, आणि खालीं छत्र्या उघडाव्या लागतात.

यावर कोणी म्हणेल, मग खालीं हिम नसलें तर वर जाऊन खेळावें. त्यांत काय मोठेंसें? अडचण अशी कीं, उतारावर किती हिम पुरेल हें जमिनीच्या स्वरूपावर अवलंबून असतें. कुरणाच्या मऊ गवतावर वीतभर दाबलेलें हिम असलें तरी शिकाऊ माणसाचें काम भागतें. वरचे उतार दगडाधोंड्यांचे आहेत. तेथें धोंडे पुरेसे झांकले जावयास मीटरभर किंवा त्याहून अधिक थर लागतो. एक सेंटिमीटर पाऊस पडेल इतक्या पाण्याचें साधारणतः दहा सेंटिमीटर ताजें हिम होतें, आणि तेंही थोड्याच दिवसांत आपल्याच वजनानें दबतें. तेव्हां मीटरभर दाबलेला थर बसावयास किती झंझावात यावे लागतील, याचा अंदाज आपणच करावा. सारांश, जेथें थोडें हिम पुरतें तेथें तें टिकत नाहीं, आणि जेथें तें टिकतें तेथें थोडें पुरत नाहीं. डिसेंबरांतील खेळाडूचा कोंडमारा होतो तो या दोहोंच्या मध्यें.

शिवाय वारा आहेच. मोठ्या वादळानंतर वारा कड्यावरचें हिम उचलून आडोशाला नेऊन टाकतो. एका बाजूस खडक उघडे पडतात आणि दुसऱ्या बाजूस पुरुषभर ढीग सांचतात. वारा जोराचा असेल तर गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवावा लागतो. हिमप्रपाताची, म्हणजे हिमाचा लोट कोसळण्याची भीति असेल, तर उतारांची तपासणी होऊन ते निर्धोक ठरेपर्यंत कोणास वर सोडीत नाहींत. यामुळें ज्या हिमाची आपण आठवडाभर वाट पाहिली, तें पडल्यावरही आणखी एक-दोन दिवस खालीं बसून राहण्याचा प्रसंग येतो.

हें सर्व केवळ पुस्तकी नव्हे, याची साक्ष गेल्या कांहीं वर्षांनीं दिली आहे. २०१९ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांतच काश्मीरांत मोठें हिम पडलें. दूर बसलेल्या स्कीपटूंना तें शुभवर्तमान वाटलें असेल. परंतु खोऱ्यांतील सफरचंदांच्या झाडांचीं पानें अजून गळावयाचीं होतीं, आणि कांहीं बागांतून फळही उतरावयाचें होतें. पानांवर हिमाचा भार सांठून फांद्याच्या फांद्या मोडून पडल्या. वर्षानुवर्षें जोपासलेलीं झाडें एका रात्रींत चिरफाळलीं. आदल्या वर्षीं, २०१८ च्या नोव्हेंबरांतही, असाच घाला पडला होता. हिम लवकर यावें अशी प्रार्थना करतांना पर्वताच्या पायथ्याशीं आणखीही कोणाचा संसार आहे, हें आपण विसरतां कामा नये.

याच्या अगदीं उलट प्रकार २०२३-२४ च्या हिंवाळ्यांत घडला. डिसेंबर कोरडा गेला. चिल्लई कलान लागला. जानेवारी अर्धा उलटला, तरी गुलमर्गचें कुरण उघडेंच होतें. स्की शिकविणारे, भाड्यानें साहित्य देणारे, स्लेज ओढणारे, साऱ्यांचे हात रिकामे राहिले. अखेर जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत झंझावात आले, फेब्रुवारींत हिमाची रेलचेल झाली, आणि २१ ते २५ फेब्रुवारी या दिवसांत राष्ट्रीय हिंवाळी क्रीडास्पर्धा तेथें पार पडल्या. पुढच्या हिंवाळ्यानें तिसरेंच रूप दाखविलें. २७ डिसेंबर २०२४ रोजीं खोऱ्यांत इतकें हिम पडलें कीं रस्ते अडले व विमानें थांबलीं. आतां हंगाम उत्तम जाणार असें कोणालाही वाटलें असतें. पण नंतरचे आठवडे कोरडे गेले, शिल्लक विरघळली, आणि २२ फेब्रुवारी २०२५ पासून ठरलेल्या त्याच स्पर्धा हिमाअभावीं पुढें ढकलाव्या लागल्या. त्या झाल्या ९ ते १२ मार्चला. पहिलें हिम लवकर आलें म्हणजे हंगाम चांगला, हा सर्वत्र ऐकूं येणारा ठोकताळा किती कच्चा आहे, हें यावरून दिसतें.

ही लहर हिमालयापुरतीच आहे असेंही नाहीं. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर, मॅटरहॉर्न शिखराच्या परिसरांत, हिमनदीवरून निघून एका देशांतून दुसऱ्या देशांत उतरणारी जागतिक दर्जाची शर्यत हंगामाच्या आरंभीं भरवावी असें ठरलें होतें. २०२२ सालीं उतारावर पुरेसें हिम नाहीं म्हणून ती रद्द झाली. २०२३ सालीं हिम आणि वारा इतका झाला कीं त्यामुळें ती रद्द झाली! दोन वर्षांत एकही शर्यत न होतां ती पुढील कार्यक्रमांतून गळली. ज्या देशांत दाव्होसजवळच्या वाइसफ्लूयोख येथें १९३६ पासून हिमाचें नित्य मोजमाप चालत आलेलें आहे, ज्यांच्यापाशीं यंत्रें, पैसा व अनुभव यांची वाण नाहीं, त्यांची ही कथा. आणि पृथ्वीचें सरासरी उष्णतामान वाढत चालल्यानें पाऊस कोठें संपतो व हिम कोठें सुरू होतें ती सीमा हळूहळू वर सरकत आहे. तिचा फटका प्रथम बसतो तो हंगामाच्या दोन्ही टोकांना व खालच्या उतारांना.

कृत्रिम हिमाचें काय, असें आपण विचाराल. पाण्याचे सूक्ष्म तुषार थंड हवेंत उडविले तर ते खालीं पडेपर्यंत गोठतात, या तत्त्वावर हीं यंत्रें चालतात. आल्प्समध्यें त्यांचा सर्रास उपयोग होतो. आपल्याकडे गढवालांतील औली येथेंही, २०११ च्या दक्षिण आशियाई हिंवाळी क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें, तीं आणलीं गेलीं. पण तीं चालावयास हवा कोरडी व शून्याच्या बरीच खालीं हवी, पाण्याचा मोठा सांठा हवा आणि अखंड वीज हवी. अशा हिमानें एखादी वाट पांढरी करतां येते. पर्वत पांढरा करतां येत नाहीं.

आतां माझ्या भाषणांतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतों. हिम न मिळाल्यानें पैसा जातो आणि हिरमोड होतो. परंतु हंगामाच्या आरंभीं जें थोडेंसें हिम मिळतें त्यानें जीवही जाऊं शकतो. वरवर पाहतां उतार पांढरा, रेखीव दिसतो. पण त्या पातळ चादरीखालीं धोंडे, झाडांचे बुंधे आणि ओढ्यांच्या फटी दडलेल्या असतात. वेगानें येणारी स्की त्यांत अडकली म्हणजे गुडघा पिरगळतो किंवा हाड मोडतें.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. हिमाखालच्या जमिनीचें उष्णतामान शून्याच्या आसपास असतें, तर निरभ्र रात्रीं हिमाचा पृष्ठभाग फार थंड होतो. समजा, तेथें शून्याखालीं बारा अंश आहेत आणि थर आहे तीस सेंटिमीटरांचा. मग दर दहा सेंटिमीटरांस चार अंशांचा फरक पडला. हा फरक दर दहा सेंटिमीटरांस सुमारें एका अंशाहून अधिक झाला, कीं खालच्या हिमांतून बाष्प वर सरकूं लागतें, आणि एकमेकांना चिकटलेले मऊ कण सुटे होऊन त्यांची जाड्या साखरेसारखी रवाळ पूड बनते. तोच थर दीडशें सेंटिमीटरांचा असता, तर फरक दहा सेंटिमीटरांस एका अंशाहूनही कमी भरला असता, आणि कण घट्ट राहिले असते. म्हणजे पातळ हिम आणि दीर्घ निरभ्र थंडी हीं दोन मिळून पर्वतावर एक ठिसूळ पाया घालून ठेवतात. पुढें महिन्याभरानें जेव्हां मोठें वादळ येतें आणि त्या पायावर मीटरभर ताजें हिम रचलें जातें, तेव्हां तीस-चाळीस अंशांच्या उभ्या उतारावर एका माणसाच्या भारानेंही तो पाया ढांसळूं शकतो व सारा उतार खालीं सुटतो. डिसेंबरांतल्या पातळ हिमाची आठवण पर्वत अशा रीतीनें फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवतो.

म्हणूनच दीर्घ कोरडेपणानंतर आलेलें विपुल हिम हें जाणत्या माणसाला आनंदाइतकेंच भयाचें कारण वाटतें. मीं आतांच सांगितलेल्या २०२४ च्या हिंवाळ्यांत, क्रीडास्पर्धा चालू असतांनाच, २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमप्रपात होऊन एका रशियन स्कीपटूचा अंत झाला. कुरणाच्या सौम्य उतारावर नवशिक्याला ही भीति नसते. पण तेथें चार दिवस शिकून अंगांत वारें भरलेला तरुण जेव्हां राखलेली हद्द सोडून "जरा पलीकडचें ताजें हिम" पाहावयास जातो, तेव्हां तो कोणत्या पायावर पाऊल टाकीत आहे हें त्याला ठाऊक नसतें.

असो. एवढें सारें ऐकल्यावर, मग आम्हीं जावें कीं जाऊं नये, असा प्रश्न गृहस्थाश्रमी माणूस विचारणारच. माझें सांगणें थोडक्यांत असें. खेळ शिकणें हाच हेतु असेल, तर जानेवारीची अखेर व फेब्रुवारी हा काळ निवडावा. त्या वेळींही खात्री नसते, पण शिल्लक असण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. मुलांच्या शाळेमुळें डिसेंबरच सोयीचा असेल, तर हिम हा प्रवासाचा हेतु न ठेवतां प्रवासांतील लाभ समजावा, आणि श्रीनगरचा मुक्काम व गुलमर्गचा मुक्काम यांचे दिवस अदलाबदल करतां येतील असे सैल ठेवावेत. हवामानखात्याचें भाकीत चार-पांच दिवसांपुरतें बरेंच विश्वासार्ह असतें, कारण झंझावात इराण-अफगाणिस्तानावर आला म्हणजे तो दिसूं लागतो. पंधरा दिवसांपूर्वीं कोणी खात्रीनें हिमाचें आश्वासन दिलें, तर तो हवामान सांगत नसून माल विकीत आहे असें समजावें. तेथें पोंचल्यावर तीन गोष्टी विचाराव्या: कोंगडूरीला थर किती आहे, शेवटचें हिम केव्हां पडलें, आणि त्यानंतर वारा कसा होता. या तीन उत्तरांवरून सुंदर छायाचित्रांपेक्षां कितीतरी अधिक कळतें. शिकविणारा जाणता असावा, आणि तो नको म्हणाला तर त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. हिम नसल्यामुळें आपली एक सुटी वायां जाते. त्याची वर्षाची मिळकत जाते. तरीही तो नको म्हणतो, यांतच त्याच्या शब्दाचें मोल आहे.

खोऱ्यांतील म्हातारीं माणसें कोरड्या चिल्लई कलानला खेळासाठीं हळहळत नाहींत. त्या चाळीस दिवसांतलें हिम घट्ट गोठून डोंगरावर टिकतें, आणि उन्हाळ्यांत तेंच झऱ्यांतून, ओढ्यांतून, भाताच्या खाचरांतून व सफरचंदांच्या बागांतून खेळतें, हें त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक आहे. मृगाचा पाऊस लांबला म्हणजे आपल्याकडचा शेतकरी जसा बांधावर उभा राहून आभाळ न्याहाळतो, तसाच तो वाटाड्या त्या तपकिरी कुरणांत उभा असतो.

तेव्हां त्या मुलाला त्याच्या वडिलांनीं असें सांगावें: "बाळ, थंडी इथलीच आहे, ती वेळेवर येते. हिम फार लांबून, समुद्रांवरून आणि वाळवंटांवरून प्रवास करीत येतें, आणि तें अजून वाटेंत आहे." मग त्याचा हात धरून त्याला गोंडोलांतून वर न्यावें, आणि वरून पश्चिमेच्या क्षितिजाकडे बोट दाखवावें. हिम त्या दिवशीं मिळणार नाहीं कदाचित्. पण तें कोणत्या दिशेनें येतें आणि कां येत नाहीं, एवढें तरी तो मुलगा घरीं घेऊन येईल.